उंदीर न मारता

पुणे,
४ फेब्रुवारी १९७९

प्रिय आई,

दादाचं पत्र काल दुपारी मिळालं. त्यातल्या मुख्य गोष्टीवर मी शेवटी येणार आहे. आत्ताच आले तर बाकीचं लिहून होणार नाही. आपण दोघी समोरासमोर बसलो की काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू पदर खोचून कुठलं तरी काम काढतेस, मी शास्त्रातलं काहीबाही सांगत सुटते आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून हे कागदावर. दादाकडून वाचून घेऊ नकोस. तो घाईघाईने वाचतो आणि त्याला नको ते गाळतो. बस्तीत जिनदेवासमोर पोथी वाचतेस तशी ओळीवर बोट ठेवून सावकाश तूच वाच. एका बैठकीत संपलं नाही तरी चालेल.

माझी तोंडी परीक्षा झाली आणि पीएच.डी. मिळाली, हे आप्पांना तारेने कळवलंच होतं. आप्पांनी नांद्र्यात पेढे वाटले आणि पोरगी डॉक्टर झाली म्हणून सांगितलं. त्याचा परिणाम असा, की दादाच्या पत्राखाली शेजारच्या तात्याबांचा निरोप आहे: गुडघा लय दुखतोय, त्रिशलाला म्हणावं चांगलं औषध लिहून पाठव. त्यांना माझा नमस्कार सांग आणि मी त्यातली डॉक्टर नव्हे हेही सांग. मला हसू आलं, आणि मग वाटलं, चूक तात्याबांची कुठे आहे? मी इतकी वर्षं इथे काय करते हे मी घरात कुणाला नीट सांगितलंच नाही. तुला तर नाहीच.

मी चौथीत असताना ऊस तोडलेल्या रानात अनवाणी पळाले होते आणि बुडखा लागून तळवा फाटला होता, आठवतं? कंपाउंडरने जखमेवर पाण्यासारखं औषध ओतलं आणि पांढरा फेस उठला. मी किंचाळले. तू माझा पाय मांडीवर घेऊन फुंकर घालत म्हणालीस, "घाण भायेर पडायलीय, पडू दे." तो फेस घाणीचा नव्हता गं. त्या औषधाला हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणतात. आपल्या रक्तामांसात कॅटलेज नावाचा एक पदार्थ असतो, तो त्या पेरॉक्साइडचं साधं पाणी करून टाकतो आणि त्यातला प्राणवायू मोकळा करतो. बुडबुडे त्याचे. आता असं बघ, की हे पेरॉक्साइड काही बाटलीतच असतं असं नाही. आपण श्वास घेतो त्यातल्या प्राणवायूचा थोडासा भाग शरीरात बिघडतो आणि त्यातून असल्या जाळणाऱ्या गोष्टी तयार होतात. धूर आत गेला की आणखी. त्यांचा निकाल लावायची सोयही शरीरातच केलेली आहे. एक हे कॅटलेज. दुसऱ्याचं नाव लांबलचक, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. ते काय काम करतं हे जगाला कळून अजून दहाच वर्षं झालीत. शाळेच्या पुस्तकात यांना विकर म्हणतात, आम्ही आपले एन्झाइमच म्हणतो. माझा प्रश्न एवढाच होता. फुप्फुसात जिथे कॅन्सरची गाठ होते तिथे ही एन्झाइमं नेहमीसारखी काम करतात, की थकलेली असतात?

सरांनी हा प्रश्न मला दिला तेव्हा तो उंदरांवर सोडवायचा होता. उंदरांना काही महिने धूर द्यायचा, मग मारून त्यांची फुप्फुसं काढायची. पहिल्यांदा दुसऱ्या एका विद्यार्थ्याने करून दाखवलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले, टेबलाजवळ गेले नाही. पुढच्या आठवड्यापासून मी करायचं असं ठरलं. मध्ये दशलक्षण पर्व आलं म्हणून मी घरी आले. पंचाहत्तर साल ते. तू उपवासाची होतीस, आणि मी तुला सगळं सांगितलं. का सांगितलं ते आजही मला धड सांगता येणार नाही. बहुतेक तू "राहू दे, परत ये" म्हणावंस असं वाटत होतं; नाहीतर "कर, काही होत नाही" असं तरी. तू दोन्ही म्हणाली नाहीस. हातातला तांब्या खाली ठेवलास आणि म्हणालीस, "जीव मारून शिकायचं आसंल तर शीक. पर मग ह्या घरातलं पाणी पिऊ नगंस." आप्पा "आगं, आगं" करत राहिले. मी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परत आले. उंदीर मारणं मलाही जमणार नव्हतं, हे मात्र तुला सांगितलं नाही. तुझ्या धाकाने मी मागे फिरले असं तुला वाटू नये, एवढाच माझा हट्ट. तुझीच लेक मी.

इथे आल्यावर सरांना सांगितलं, मी उंदीर मारणार नाही. वाटलं होतं ते चिडतील. ते चिडले नाहीत. खुर्ची मागे सरकवून त्यांनी विचारलं, मग फुप्फुस कुणाचं आणणार, स्वतःचं? मी म्हटलं, माणसाचंच. दवाखान्यात ऑपरेशन करून गाठ काढतात, तपासतात आणि उरलेलं टाकून देतात. त्या गाठीचा एक तुकडा आणि तिच्यापासून लांबचा, चांगल्या भागाचा एक तुकडा मिळाला तर एकाच माणसाच्या छातीतलं चांगलं आणि बिघडलेलं शेजारी शेजारी ठेवून मोजता येईल. सरांनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मग म्हणाले, उशीर लागेल, पण प्रश्न जास्त चांगला झाला. आई, हे वाक्य मी तुला तेव्हाच कळवायला हवं होतं. त्या प्रश्नातला अर्धा भाग तुझा आहे.

मिरजेला छातीची ऑपरेशनं होतात हे आपल्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. सरांनी तिथल्या एका सर्जनना चिठ्ठी दिली. ते भले गृहस्थ. म्हणाले, माझी ना नाही, पण पेशंटनं स्वतः हो म्हटलं पाहिजे आणि विचारायचं काम तुमचं. ते काम किती अवघड ते मला त्या वॉर्डात कळलं. ज्या माणसाची छाती उद्या उघडायची आहे त्याच्या खाटेशी उभं राहून, तुमच्यातला एक तुकडा मला द्याल का, असं विचारायचं. एकाच्या बायकोने मला हात जोडून बाहेर काढलं. एक म्हातारे नुसते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. एकाचा भाऊ म्हणाला, तुम्ही त्याच्यावर कसली करणी करणार ते आम्हाला काय माहीत. कुणाचाच मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. पण दर खेपेला रिकाम्या हाताने परत यायची, आणि सर काही विचारायचे नाहीत, त्याचंच जास्त वाटायचं.

अशात हंबीरराव सुभेदार भेटले. सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडचे. फौजेतून निवृत्त होऊन गावी ऊस लावत होते. कोरडा खोकला काही केल्या जाईना, मग बेडक्यातून रक्त पडलं, तेव्हा अंबूबाईंच्या भावाने त्यांना शिराळ्याहून येऊन मिरजेला आणलं. अंबूबाई म्हणजे त्यांची बायको, शिराळ्याच्या माहेरवाशीण. सुभेदार खाटेवर पाठ ताठ करून बसायचे आणि आल्यागेल्याला, जेवलासा का, म्हणून विचारायचे, जणू वॉर्ड त्यांच्याच घरचा आहे. मी माझं सगळं सांगितलं, फेसाचंसुद्धा. ते म्हणाले, "हां, ती बाटली आमाला ठावं हाय. पासष्टच्या लढाईत ह्या पायावर लय वतलीया." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आत ऱ्हाऊन बी त्यो मलाच खाणार हुता. भायेर काढल्यावर तुमाला उपेगी पडत आसंल तर न्या की, पोरी."

मी हो म्हणायच्या आत अंबूबाई उठून उभ्या राहिल्या. त्या वॉर्डात मी त्यांचा आवाज तोवर ऐकलाच नव्हता. "न्हाई," म्हणाल्या. "आगीत जाताना मानूस सगळा जावा लागतोय. आर्धा हितं आन् आर्धा पुन्याला, आसं मी हू द्याची न्हाई." सुभेदारांनी पांघरुणातून उजवा पाय बाहेर काढला. त्याला पुढची दोन बोटं नव्हती. "ही दोन सरहद्दीला ऱ्हायली," ते म्हणाले. "त्याचं कवा इच्यारलंस? देशाला दिली म्हनून गावभर सांगतीस." अंबूबाई खाली बसल्या आणि त्या पायावर पांघरूण ओढून त्यांनी तो नीट झाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला दारात भेटल्या आणि म्हणाल्या, "न्या. पर वंगाळ ठिकानी टाकू नगा." मी शब्द दिला, आणि आजवर पाळला आहे. काम झालं की जे उरतं ते आम्ही जाळून टाकतो, उकिरड्यावर जाऊ देत नाही. सुरुवातीला मी एकटीच करायची, आता आमच्याकडे तोच रिवाज झाला आहे.

ऑपरेशनच्या दिवशी मी रुंद तोंडाचा थर्मास घेऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यात बर्फ होता, कारण ही एन्झाइमं उष्णतेने मरतात. सिस्टरने दोन छोट्या बाटल्या आणून दिल्या आणि मी तशीच स्टेशनवर गेले. पुण्याची गाडी सांगली सोडली की नांद्र्याला थांबते, ते तुला मी काय सांगायचं. खिडकीतून आपल्या बस्तीचं शिखर दिसलं. फलाटावर शेंगांची पाटी घेऊन बसणारी मनुबाईही दिसली. तिने मला बघितलं नाही. मी उतरले नाही. उतरता येणारही नव्हतं, बर्फ वितळला असता. पण बर्फ नसता तरी उतरले असते का, असं तेव्हा स्वतःला विचारलं. पुढे त्या वाटेने अशा कितीतरी खेपा झाल्या. प्रत्येक वेळी थर्मास मांडीवर आणि शिखर खिडकीत.

त्या वर्षांतही तू मला उपाशी ठेवलं नाहीस, हे मी विसरलेली नाही. दादा हळदीच्या व्यवहारासाठी पुण्याला आला की त्याच्या पिशवीत लसूण न घातलेली शेंगांची चटणी असायची, दशम्या असायच्या, एकदा तर तू शिवलेली गोधडी होती. निरोप मात्र नसायचा. दादाला विचारलं, आई काही म्हणाली का, तर तो म्हणायचा, म्हणाली काही न्हाई, पर पिशवी तिनंच भरली. माझ्या खोलीतल्या मुली चटणी मिटक्या मारत खायच्या आणि विचारायच्या, तुझी आई रागावलीय ना तुझ्यावर? मी म्हणायची, हो, खूप.

सुभेदारांची गाठ काढल्यावर ते उठून हिंडू लागले आणि मग माझं काम त्यांनीच आपल्या हातात घेतलं. कुणीही नवा पेशंट आला की ते खाटेवरून उतरून त्याच्याकडे जायचे. मी येईपर्यंत त्याला फेसापासून सगळं सांगून झालेलं असायचं. निम्मं चुकीचं, पण माझ्यापेक्षा पटेल असं. सिद्धू म्हणून जतकडचा एक धनगर होता, बिडी ओढून ओढून बोटं पिवळी झालेला. त्याला मराठी नीटशी कळत नव्हती आणि सुभेदारांना कन्नड येत नव्हतं. मी त्याच्याशी तुझ्या माहेरच्या, चिकोडीच्या भाषेत बोलले, लहानपणी मला झोपवताना तू बोलायचीस तसं. त्याचा चेहरा एकदम सैलावला. आपलं माणूस भेटलं म्हणून तो मेंढरांचं, पावसाचं, बायकोचं सगळं सांगत बसला. तुकडा द्यायला हो म्हणून झाल्यावर त्याने विचारलं, ही भाषा कुणी शिकवली? म्हटलं, आईनं. आप्पा तेव्हा तुला म्हणायचे, पोरीला कन्नड शिकवून काय उपयोग.

त्या बोलण्याबोलण्यात सुभेदारांनी माझं घर कुठलं ते विचारलं. नांद्रे म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. "मग हितं खानावळीत का जेवतीस? घर तर हाकंवर हाय." मी आधी उडवाउडवी केली, पण त्यांच्यापुढे ती टिकायची नाही. उंदरांचं आणि पाण्याचं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "आई खरी बोलली. आन् तू बी खरी वागलीस. मग भांडान कशाचं?" अंबूबाई खाली बसून भाकरी बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण ऐकत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं पुण्याला माझी प्रयोगशाळा बघायला आले. सुभेदारांनी फेटा बांधला होता, आणि जिना चढताना ते तीनदा थांबले. माझ्याकडे त्यांच्याच तुकड्यांचा रस बर्फात ठेवलेला होता. रक्त धुऊन, वाटून, गाळून ठेवलेला. मोजायचं काम यंत्र करतं, डोळ्यांवर आम्ही विसंबत नाही. पण त्यांना दिसावं म्हणून मी दोन काचेच्या नळ्यांत थोडा थोडा रस घेतला आणि दोन्हींत पेरॉक्साइडचे थेंब सोडले. चांगल्या भागाच्या नळीत फेस वर वर चढत गेला. गाठीच्या नळीत कडेला चार बुडबुडे आले आणि थांबले. सुभेदार वाकून बघत राहिले. "म्हंजी ही माजी छाती, आन् ह्यो त्यो," ते म्हणाले. अंबूबाईंनी काय करावं? दोन्ही नळ्यांना हात जोडले. आमच्या सरांनी चष्मा काढून पुसला आणि दोघांसाठी चहा आणायला ते स्वतः गेले.

मग अंबूबाईंनी विचारलं, ती चांगली नळी आधीपासून आत होती, तर मग हे झालंच कसं? आई, या प्रश्नाचं उत्तर माझ्या प्रबंधातही नाही. बहुतेकांच्या गाठींत ही एन्झाइमं कमी निघाली. सगळ्यांच्या नाही, सिद्धूच्या तुकड्यात तर एक एन्झाइम उलटं जास्त निघालं आणि ते चुकलं असेल म्हणून मी पुन्हा पुन्हा करून बघितलं, तरी तेच. आणि जिथे कमी आहेत तिथे ती आधी कमी झाली म्हणून गाठ झाली, की गाठ झाली म्हणून ती कमी झाली, हे मला सांगता येत नाही. प्रबंधाच्या शेवटी मी तसं स्पष्ट लिहिलं. परीक्षकांनी त्यावरच सगळ्यात जास्त विचारलं आणि त्यावरच शाबासकी दिली. अंबूबाईंनाही मी तेच सांगितलं, की काकी, मला माहीत नाही. त्या म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. खोटं बोलली न्हाईस."

सुभेदार त्यानंतर आणखी दीड वर्ष जगले. एक हंगाम ऊस त्यांनी स्वतः उभं राहून कारखान्याला घातला. मग आजार दुसऱ्या बाजूने आला आणि त्याने वेळ दिला नाही. मला निरोप मिळाला तेव्हा सगळं उरकलं होतं. मी दिवसकार्याला गेले. अंबूबाईंनी मला जवळ बसवून घेतलं. आपल्या भावजयींना सांगितलं, ही त्यांची पुन्याची लेक. माझ्या प्रबंधात त्यांचं नाव नाही, तसा नियम आहे. नुसतं "रुग्ण पहिला" असं आहे. मी दर वेळी ते वाचते तेव्हा मला फेटाच दिसतो.

आता गेल्या दिवाळीचं. दादाने येऊन सांगितलं, आईनं विचारलंय कवा येतीस. मी घाबरतच आले. तू दारात उभी होतीस, हातात तांब्या. माझ्या ओंजळीत पाणी ओतलंस. मी प्यायले. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. मला वाटलं, तीन वर्षं झाली, आईचं मन आपोआप निवळलं. पाणी कुणामुळे मिळालं ते मला काल दादाच्या पत्रातून कळलं. श्रावणात अंबूबाई माहेरी शिराळ्याला नागपंचमीला आल्या होत्या, तिथून वाट वाकडी करून नांद्र्याला आल्या, घर विचारत विचारत. ओसरीवर बसल्या आणि तुला म्हणाल्या, "तुमच्या लेकीनं येक बी उंदीर मारला न्हाई. माज्या मालकाचा तुकडा नेला तो बी इच्यारून नेला." दादा लिहितो, तू त्यांना जेवू घातलंस, सूर्य मावळायच्या आत, शेजारी बसून. नवरा गेलेली बाई, पायात चप्पल नाही, आणि माझ्यासाठी एवढ्या लांबून आली. मला कधी चकार शब्द बोलली नाही. तूही नाही. तुम्ही दोघी बायका अशा कशा आहात?

दिवाळीत तू खोकत होतीस. हळद शिजवायच्या कढईचा धूर आहे म्हणालीस, हंगाम अजून सुरूही झाला नव्हता तरी. तो कोरडा खोकला मी मिरजेच्या वॉर्डात फार ऐकला आहे. म्हणून मी दादाच्या मागे लागले की छातीचा फोटो काढून घे. तू जाईन, जाईन म्हणत दोन महिने घालवलेस. तरीही गेलीस, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. डॉक्टर म्हणतात गाठ लहान आहे, वेळेत सापडली आहे, काढता येईल. १२ तारखेला, सोमवारी ऑपरेशन. तू कधी बिडीला हात लावला नाहीस, मग हे तुला का, असं आप्पा विचारतात. चुलीच्या आणि कढईच्या धुराने झालं असं मी म्हणू शकते, पण मला ते खरोखर माहीत नाही, आणि तुला मी अंदाज सांगणार नाही.

आता दादाच्या पत्रातली ती गोष्ट. त्याने लिहिलंय की सर्जननी सगळं समजावून सांगितल्यावर तू एकच बोललीस: "निघंल ते माज्या लेकीला द्या. तिच्याकडं सगळी बाप्येच हायत. बाईच्या छातीत काय आसतंय त्ये कोन बगनार?" माझ्याकडे आजवर एकाही बाईचा तुकडा आलेला नाही, हे तुला अंबूबाईंनीच सांगितलं असणार. मी हे वाक्य वाचलं आणि पत्र मिटून ठेवलं. पुन्हा उघडून वाचलं. आई, मी ते घेणार आहे. नाही म्हणण्याइतकी मी मोठी नाही, आणि तू दिलेलं आजवर काहीच मी परत पाठवलेलं नाही. पण बाटल्या घ्यायला माझी सहकारी विजयमाला येईल. मोजणं तीच करेल, मी त्या आकड्यांकडे बघणारसुद्धा नाही. मी तुझ्या खाटेजवळ असेन. तुला जाग आली आणि सिस्टरने परवानगी दिली की तुझ्या ओठांना पहिलं पाणी मी लावीन. मी रविवारी सकाळी मिरजेत पोचते. तिथे भेटल्यावर मी मोठ्या शहाण्यासारखी बोलेन, फुप्फुसाच्या पाळ्या आणि टाके समजावून सांगेन, आप्पांना धीर देईन, आणि तुला वाटेल पोरगी घाबरलेली दिसत नाही. म्हणून हे आधीच लिहून पाठवते आहे, की तू ऑपरेशनच्या खोलीत जाण्याआधी तुझ्याजवळ असावं. मला फार भीती वाटते, आई. आणि तू मला जे जे दिलंस, नाही म्हणून दिलंस तेसुद्धा, त्याबद्दल तुझे उपकार मानायला मला एवढी वर्षं लागली. ते मानायला तू मला आणखी पुष्कळ वर्षं दे.

तुझीच,
त्रिशला